पावतीवरचे ‘ग्रूमिंग शुल्क’: मालिकेत भूमिका देतो सांगून झालेली फसवणूक

मराठी मालिकेत भूमिका देण्याच्या नावाखाली अंधेरी पश्चिमेतील एका कार्यालयाने माझ्या वडिलांकडून ६५,१०० रुपये उकळले. एकांकिका करणाऱ्या मुलामुलींच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘नवीन चेहरे हवेत, अनुभवाची अट नाही’ हा तोच मजकूर मालिकेचे नाव बदलून पुन्हा फिरू लागला आहे, म्हणून घडले ते क्रमाने लिहीत आहे.

ऑडिशन खरीखुरी वाटावी याची पूर्ण काळजी घेतलेली होती. कॅमेरा होता, दिवे होते, भिंतीवर गाजलेल्या मालिकांची पोस्टर्स होती, आणि नाव, वय, उंची सांगून चेहऱ्याच्या दोन्ही बाजू दाखवण्याचा जो शिरस्ता असतो तोही पाळला गेला. मी दोन पानांचा संवाद म्हणून संपवते न संपवते तोच तिथल्या गृहस्थांनी वडिलांना आत बोलावले आणि म्हणाले, “काका, मुलीचं नशीब उघडलं समजा. नायिकेच्या धाकट्या बहिणीचा रोल आहे.” खऱ्या ऑडिशननंतर असे जागच्या जागी कोणी काही सांगत नाही, हे पुढे या क्षेत्रातल्या माणसांकडून कळले. कास्टिंगची अनेक कार्यालये असलेल्या वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये अनेकदा दारातच चेहरा पाहून ‘नॉट फिट’ म्हणून परत पाठवतात. आत घेतलेच, तर चित्रफीत पुढे पाठवली जाते आणि बहुतेकांना नंतर फोनही येत नाही. मालिकेतली महत्त्वाची भूमिका निर्माते आणि वाहिनी यांच्या पसंतीने ठरते. ती परस्पर देऊन टाकण्याचा अधिकार कास्टिंग करणाऱ्याला नसतो.

नोंदणीचे ५,१०० रुपये त्याच दिवशी ‘रिफंडेबल’ म्हणून घेतले. मग त्यांच्याच छायाचित्रकाराकडून पोर्टफोलिओ, म्हणजे छायाचित्रांचा संच, करून घेण्याची अट आली, त्याचे ३२,००० झाले. पुढे ‘आर्टिस्ट कार्डाशिवाय सेटवर सोडत नाहीत’ असे सांगून कार्ड आणि करारनामा यांचे मिळून २८,००० मागितले, आणि वडिलांनी पतसंस्थेतली ठेव मोडून ते भरले. प्रत्येक मागणी या व्यवसायात खरोखरच असलेल्या एखाद्या गोष्टीला चिकटवलेली होती, आणि म्हणूनच ती खोटी वाटत नव्हती. चांगली छायाचित्रे लागतातच, करारही होतो, आणि सिने व दूरचित्रवाणी कलाकारांची ‘सिंटा’ ही संघटनाही १९५८ पासून आहे. मात्र तिचे सदस्यत्व थेट तिच्याकडेच अर्ज करून घ्यायचे असते, कोणा एजन्सीच्या टेबलावर नव्हे.

सर्वांत बारकाईने पाहण्याजोगी वस्तू म्हणजे पावती. तिच्यावर कंपनीचे नाव आणि शिक्का आहे, पण तपशिलाच्या रकान्यात ‘ग्रूमिंग व सेवा शुल्क, परत मिळणार नाही’ असे लिहिलेले आहे, आणि पैसे यूपीआयने गेले ते कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या खात्यावर. करारनाम्यात मालिकेचे नाव, वाहिनी, मानधन, चित्रीकरणाची तारीख यांपैकी काहीही नाही. ‘अंतिम निवड निर्मात्याच्या मान्यतेवर अवलंबून राहील’ हे वाक्य मात्र ठळक आहे. गोरेगावच्या चित्रनगरीतले चित्रीकरण आज-उद्या करत लांबत गेले, मग फोन बंद झाले आणि कार्यालयाला कुलूप लागले. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न त्या रकान्यावरूनच आला: सेवेचे पैसे घेतले असे पावतीच सांगते, मग हा दिवाणी वाद का मानू नये?

त्या प्रश्नाला उत्तर देता आले ते जपून ठेवलेल्या व्हॉइस मेसेजमुळे. ‘रोल पक्का आहे, फक्त कार्डाचे पैसे आज पाठवा’ असे त्यात स्पष्ट ऐकू येते. पैसे घेण्याआधीच खोटे आमिष दाखवण्याचा हेतू होता हे दाखवता आले, तरच भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८, म्हणजे पूर्वीचे ४२०, लागू होण्यास आधार मिळतो. त्यामुळे कोणीही रागाच्या भरात चॅट पुसून टाकू नये. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्याआधीच ती गोठवता येण्याची शक्यता असते.

या व्यवसायात पैसा कोणत्या दिशेने वाहतो, हे घरच्यांनाही समजावून सांगा. कास्टिंगचा मोबदला निर्मिती संस्था देते. को-ऑर्डिनेटरने काम मिळवून दिले, तर तो मानधनातून ठरलेली टक्केवारी घेतो, आणि तीही मानधन हाती आल्यावर. शिकण्यासाठी पैसे जरूर मोजावेत. पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट प्रशिक्षण संस्था किंवा विद्यापीठाचे ललित कला केंद्र शुल्क घेते ते शिकवण्याचे, आणि तिथे प्रवेशासोबत भूमिकेचे आश्वासन कोणी देत नाही.

माझा तक्रार अर्ज दाखल आहे. ‘ग्रूमिंग व सेवा शुल्क’ अशीच पावती ज्यांच्याकडे असेल, त्यांनी स्वतःच्या नावाने स्वतंत्र तक्रार द्यावी. एकाच मजकुराच्या पावत्या वेगवेगळ्या कुटुंबांकडून पुढे आल्या, तर हा सुटा व्यवहार नसून ठरवून चालवलेला उद्योग आहे हे तपास अधिकाऱ्यांपुढे मांडता येईल.