जुन्या, कमी चालणाऱ्या गाडीचा टाईमिंग बेल्ट: कणकवलीच्या गॅरेजचा अनुभव

आमची 2009 ची सँट्रो झिंग मालवणजवळ गावच्या घरी असते. बाबा ती बाजार, बँक आणि कोणाला कुडाळ स्टेशनला सोडायचं असेल तरच काढतात, पावसात तर पंधरा-पंधरा दिवस शेडमधून हलत पण नाही, त्यामुळे एवढ्या वर्षांत रिडींग जेमतेम 38 हजार झालंय. आणि टाईमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनात क्रँकच्या (पिस्टन फिरवतात तो दांडा) जोरावर कॅम (वॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा दांडा) तालात फिरवणारा दातेरी पट्टा, या मेपर्यंत कंपनीतून आलेलाच होता.

आधी जिथे सर्व्हिसिंग करायचो तिथे मी दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा उत्तर एकच, अहो 40 हजार पण झाले नाहीत, कशाला पैसे घालवताय. मला ते पटलं नव्हतं कारण माझ्या चुलतभावाची गाडी फोंडाघाटात अशीच चालता चालता बंद पडली होती, ना आवाज ना काही, बेल्ट तुटला, वॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले आणि इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवावं लागलं. चार-पाच हजारांचं काम तीस हजारांच्या वर गेलं. काही गाड्यांत बेल्टऐवजी चेन असते, ती आधी खडखडते तरी, बेल्ट काही सांगत नाही हो.

या मे महिन्यात गावी गेले तेव्हा बाबांना घेऊन कणकवलीतल्या एका छोट्या गॅरेजमध्ये गाडी नेली, मामाने सुचवलेलं. मी रिडींग सांगायला लागले तर मेस्त्री म्हणाले, "किलोमीटर रव्हांदेत, वर्सा किती झाली ता सांगा." तिथेच माझा जीव भांड्यात पडला. बेल्ट म्हणजे रबर आणि आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या, गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतंच, आणि उभ्या गाडीत तो महिनोन्महिने पुलीवर एकाच जागी वाकलेला राहतो. म्हणूनच बऱ्याच कंपन्या किलोमीटर आणि वर्षं दोन्ही देतात, जे आधी होईल ते धरायचं. मेस्त्रींचा हिशोब, किनाऱ्याच्या गाडीला पाच वर्षं झाली की बदलायचा. आकडा गाडीगणिक बदलतो, तुमच्या गाडीचा मॅन्युअलमध्ये बघा.

कव्हर उघडल्यावर त्यांनी बाबांना हाक मारली, काका इकडे या. खालच्या बाजूला सोडणाचा (नारळाच्या सालीचा) काथ्या आणि कागदाचे तुकडे, उंदराने घर केलं होतं! बेल्ट वरून बघितला तर बरा दिसत होता, पण काढून उलटा वाकवला तेव्हा दातांच्या मुळाशी केसाएवढ्या बारीक भेगा, एकामागोमाग एक. एका कडेला तेलाने ओला झालेला, कॅमचं ऑइल सील गळत होतं. तेल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं, त्यामुळे नुसता बेल्ट बदलून उपयोग नव्हता, सील पण नवीन टाकलं. टेन्शनरचा (बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाचा) बेअरिंग त्यांनी माझ्या हातात देऊन फिरवायला सांगितला, आतून करकर लागत होती, ग्रीस सुकलेलं. तोही बदलला. काही गाड्यांत वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, तिथे तोही बरोबरच बदलून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी पंपासाठी परत हीच सगळी उघडाउघड आणि परत तीच मजुरी.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. बेल्ट चढवून क्रँक आणि कॅमच्या पुलीवरच्या खुणा जुळवल्यावर लगेच चावी मारली नाही. क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवलं (क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक), परत दोन्ही खुणा बघितल्या, मला पण टॉर्च मारून दाखवल्या आणि मगच स्टार्ट केली. एक दात जरी पुढेमागे झाला तर गाडी पिकअप घेत नाही, आणि जास्त चुकला तर वॉल्व्हची तीच गत.

बिल झालं 4,350, त्यात मोबिसचा (ह्युंदाईचे पार्ट देणारी कंपनी) बेल्ट, टेन्शनर, सील, मजुरी सगळं. जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले, न मागता. कमी काय म्हणाल तर पार्ट त्यांच्याकडे नव्हते, कोल्हापूरहून यायला दोन दिवस लागले, आणि बसायला जागा नाही, बाबा ऊन्हात उभे राहिले याचं मला वाईट वाटलं. एक खुर्ची तरी ठेवायला हवी.

तुमच्याकडे जुनी मारुती 800, झेन, अल्टो 800 किंवा सँट्रो गावी पडून असेल तर त्यात बेल्टच आहे, नक्की विचारा. मारुतीच्या के सिरीज इंजिनवाल्या वॅगनआर, स्विफ्टला चेन असते, त्यांना ही काळजी नाही. सेकंडहँड घेतली असेल आणि बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर बदललेलाच नाही असं समजा.

जाणार असाल तर गाडीचं मॉडेल आणि साल आधी फोनवर सांगून पार्ट मागवून ठेवा, गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग असते तेव्हा नकोच. आमच्या बॉनेटच्या आत त्यांनी तारीख आणि रिडींग लिहून स्टिकर लावलाय, खाली पाच वर्षांनंतरचं साल, आणि बाबांनी ते घरच्या कॅलेंडरवर पण लिहून ठेवलंय.