१६ हजारांचं कोटिंग, जे स्क्रूवर नव्हतंच

३१ वर्षं बँकेत कॅशियर होतो. खोटी नोट बोटाला कळायची. हे आधीच सांगतो, कारण ‘तुम्हाला कळलं कसं नाही’ हे घरात रोज ऐकतोच आहे.

खालच्या दोन दाढांचे इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचे स्क्रू. साधा २४,०००, हायड्रॉक्सीअपटाइट कोटिंगवाला ४०,०००. डॉक्टर म्हणाले, हाडात असतं तेच खनिज स्क्रूवर, हाड घट्ट धरणार, जन्माची गॅरंटी! दोन्ही कोटिंगवाले घेतले, वर कॅपचे १८,०००. एकूण ९८,०००, त्यातले ६०,००० रोख. पावतीवर नुसतं ‘दातांचे उपचार’. रोख मागितली की उठायचं, एवढं तरी लक्षात ठेवा.

पण खरा घात खुर्चीत झाला. अर्धा जबडा बधिर, तोंड उघडं. असिस्टंट मुलीने स्क्रूच्या खोक्यावरचा, मॉडेल नंबराचा स्टिकर सोलला. माझ्या कार्डावर त्यासाठी छापील चौकोन होता. तो कोरा ठेवून तिने स्टिकर त्यांच्या फाइलला लावला. मी बोटाने खूण केली. ‘काका, तो ऑफिसला लागतो.’ आणि मी मान डोलावली! शिक्क्याशिवाय ज्याने कधी एक स्लिप पुढे सरकू दिली नाही, त्या माणसाने. तो कोरा चौकोन अजून डोळ्यांसमोर येतो.

१४ महिन्यांत एक हलायला लागला. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तो काढला. फाइलची प्रत मिळवायला चार खेपा घातल्या. स्टिकरवरचा नंबर कंपनीच्या कॅटलॉगात पाहिला, तर बिनकोटिंगचं मॉडेल. दोन्ही तेच. म्हणजे ३२,००० हवेचे.

वर बाईंनी सांगितलं, स्क्रू साधा म्हणून निघाला नाही. हिरड्यांचा आजार बरा न करताच बसवला होता. कोटिंग सुरुवातीला हाड लवकर धरायला मदत करतं, पण पूर्वीचे जाड थर पुढे विरघळायचे, सुटायचे. जन्माची गॅरंटी कुठलंच कोटिंग देत नाही. १९६५ साली स्वीडनमध्ये, आजच्या इम्प्लांटची सुरुवात करणाऱ्या ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाला बसवलेले स्क्रू साध्या टायटॅनियमचे होते, ४० वर्षं टिकले!

तक्रारीचं काय विचारता! एका कचेरीत म्हणाले, माल बनावट नाही ना, मग आमचं काम नाही. दुसरीकडे अर्ज तीन प्रतींत घेतला, पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेले. अडीच महिन्यांनी पत्र आलं: ‘योग्य त्या प्राधिकरणाकडे दाद मागावी.’ योग्य ते कोणतं, ते नाही लिहिलं. पोलीस चौकीत हवालदाराने स्क्रू हातात घेऊन विचारलं, ‘एवढ्याशा खिळ्याला ४० हजार दिले?’ हसले सगळे. मीही हसलो, त्याचीच जास्त चीड येते.

शेवटी ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, पण २ वर्षांच्या आत जा. स्टिकर त्याच दिवशी कार्डावर लावून घ्या, मोबाइलने फोटो काढा. हिरडीतून रक्त येत असेल तर आधी ते.

स्क्रू गोळ्यांच्या डबीत ठेवलाय. बायको म्हणते फेकून द्या. सुनावणी होईपर्यंत नाही.