शिन्नेन, गेन्सोकु की ओशिए? 'तत्त्व' जपानीत लिहिताना

'माझी तत्त्वं', 'आर्किमिडीजचं तत्त्व', 'कंपनीची तत्त्वं'. मराठीत एकच शब्द तिन्हीकडे चालतो. जपानीत मात्र तिन्हींसाठी तीन वेगळे शब्द आहेत आणि कोशातले अर्थ इतके जवळचे की निवडणारा गोंधळतो. माझ्या मते अर्थाआधी मालकी बघावी: ही गोष्ट एका माणसाची आहे, संस्थेची, धर्माची की निसर्गाची?

एका माणसाची असेल तर पहिला शब्द शिन्नेन. आतून पटलेली आणि किंमत मोजूनही न सोडलेली गोष्ट म्हणजे शिन्नेन. त्याच्याबरोबर येणारी क्रियापदंही तशीच आहेत: त्सुरानुकु, म्हणजे शेवटपर्यंत नेणं, आणि मागेनाइ, म्हणजे न वाकवणं. शिन्जो याच्या अगदी शेजारचा, पण जास्त औपचारिक. 'दिलेला शब्द पाळणं हे माझं शिन्जो' असं म्हणता येतं. १९४७ साली अमलात आलेल्या जपानी संविधानाच्या १४व्या कलमात वंश, लिंग वगैरेंबरोबर ज्यावरून भेदभाव करता येणार नाही असा 'शिन्जो' आहे. ख्रिस्ती पंथांच्या श्रद्धा-घोषणेलाही हाच शब्द. शिन्को मात्र धार्मिक श्रद्धेसाठीच राखून ठेवा. 'प्रामाणिकपणा हे माझं शिन्को' असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला तुम्ही प्रामाणिकपणाची पूजा करता असं वाटेल.

नोकरीच्या मुलाखतीत स्वतःबद्दल बोलताना शिन्नेनसुद्धा जड होऊ शकतो, विशेषतः पंचविशीतल्या उमेदवाराच्या तोंडी. तिथे मी कान्गाएकाता, म्हणजे विचार करण्याची पद्धत, हा साधा शब्द सुचवेन. 'ताइसेत्सु नि शिते इरु कान्गाएकाता', मी जपत आलेला विचार, हे नम्र वाटतं आणि खरंही वाटतं.

कंपनीसाठी रिनेन. टोयोटाने १९९२ साली जाहीर केलेल्या मूलभूत तत्त्वांचं जपानी नाव 'टोयोटा किहोन रिनेन' असंच आहे. जपानी कंपन्यांच्या संकेतस्थळांवर हा शब्द हमखास दिसतो. मुलाखतीला जाण्याआधी त्या कंपनीचं रिनेन वाचून जावंच.

सगळ्यात जास्त घोटाळा गेन्री आणि गेन्सोकु यांच्यात होतो. गेन्री मोडता येत नाही. आर्किमिडीजचं तत्त्व गेन्री, हायझेनबर्गचं अनिश्चिततेचं तत्त्वही गेन्री. गेन्सोकु माणसांनी ठरवलेला असतो, आणि त्यात अपवादाला दार उघडं असतं. 'गेन्सोकु तोशिते' अशी सूचना दिसली, तर तिचा अर्थ 'एरवी' किंवा 'सर्वसाधारणपणे' असा घ्यायचा. म्हणून 'तत्त्वतः मनाई' असं वाचून कडेकोट बंदी समजू नका आणि कडेकोट बंदी सांगायची असेल तेव्हा गेन्सोकु वापरू नका. देशाचं धोरणही याच शब्दात मांडलं जातं. अण्वस्त्रं बाळगणार नाही, बनवणार नाही, देशात येऊ देणार नाही, ही पंतप्रधान एइसाकु सातो यांनी १९६७ साली संसदेत मांडलेली भूमिका 'हिकाकु सान्गेन्सोकु', म्हणजे तीन अण्वस्त्रविरोधी तत्त्वं, म्हणून ओळखली जाते.

शुगी म्हणजे आपला 'वाद': शिहोन्शुगी भांडवलवाद, शाकाइशुगी समाजवाद. पण मिन्शुशुगी म्हणजे लोकशाही, आणि शाकाहारी माणूस 'साइशोकुशुगीशा'. बोलताना 'मी सकाळी न खाणाऱ्यांतला' असं सहज सांगायलाही शुगी चालतो.

शिकवणुकीकडे आलं की ओशिए हा सर्वात उबदार शब्द. आईवडिलांची, गुरूंची, बुद्धांची शिकवण ओशिए. ती देणारं कुणीतरी असतं आणि ती 'मामोरु', म्हणजे पाळली जाते. धर्मपंथाने मांडलेला अधिकृत सिद्धान्त क्योगी. अनुभवाने दिलेला धडा क्योकुन: २०११च्या भूकंप आणि त्सुनामीतून जे शिकायचं, ते क्योकुन. बौद्ध धम्माबद्दल मराठीतून जपानीत लिहिणाऱ्यांनी इथे जास्त काळजी घ्यावी. बुद्धांच्या शिकवणुकीला ओशिए शोभतो. पण बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांना ओशिए म्हटलं, की त्या ऐकून घेण्याच्या गोष्टी होतात. त्या घेणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने उच्चारलेल्या आहेत, म्हणून त्यांच्यासाठी चिकाइ, म्हणजे शपथ, हाच शब्द घ्यावा.