शेवटचा शुक्रवार की मंगळवारची दुपार?

पुण्यात सायकलवर वाढलेला आणि सॅन फ्रान्सिस्कोत आल्यावरही सायकल न सोडलेला कुणी भेटला की एक प्रश्न हमखास विचारतो: "महिन्यातून एकदा चार तास काढू शकतो. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी निघणाऱ्या सायकलफेरीला, 'क्रिटिकल मास'ला, यायचं, की तोच वेळ दुसरीकडे द्यायचा?" माझ्यासाठी 'दुसरीकडे' म्हणजे मंगळवारी दुपारी सिटी हॉलमध्ये होणारी शहराच्या वाहतूक मंडळाची बैठक. मी दोन्हीकडे जाते. चारच तास असतील तर ते आता तिथे द्यावेत, असं माझं मत झालं आहे.

तो शुक्रवार मुळात का निवडला होता, ते आधी बघू. पहिली फेरी निघाली 25 सप्टेंबर 1992 ला, जेमतेम पन्नासेक सायकलींची. महिन्याचा शेवटचा शुक्रवार, ऑफिसं सुटायची वेळ आणि मार्केट स्ट्रीटच्या टोकाचा, खाडीकाठचा चौक. डाउनटाउनमधून हजारो गाड्या एकाच वेळी पुलांकडे आणि फ्रीवेकडे सुटायच्या, आणि त्याच गर्दीत ही मंडळी शिरायची. आम्ही रहदारी अडवत नाही, आम्हीच रहदारी आहोत, ही त्यांची घोषणा. जुलै 1997 मध्ये महापौर विली ब्राउन यांनी कडक भूमिका घेतली, तर त्या महिन्यात पाच हजारांच्या आसपास सायकली उतरल्या आणि शंभराहून जास्त लोकांना अटक झाली. सायकलवाले म्हणजे चार हौशी पोरं, असं त्यानंतर कुणी म्हणेना.

रास्ता रोकोची ताकद रस्त्यात नसते, घाईत असलेल्या माणसात असते. उशीर झालेला साहेब घरी जाऊन चिडतो, कुणाला तरी फोन करतो, आणि तिथून विषय पुढे सरकतो. मार्च 2020 मध्ये कोविड आला, लोक घरून काम करू लागले आणि तो साहेब रस्त्यावरून नाहीसा झाला. 2024 मध्ये या शहरातली एक तृतीयांशाहून जास्त ऑफिसची जागा रिकामी होती. बार्टच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, गाड्यांमध्ये 2019 च्या निम्मेही प्रवासी नव्हते. जे ऑफिसला जातात ते मंगळवार ते गुरुवार जातात. म्हणजे फेरी ज्या दिवसावर उभी आहे, तोच शुक्रवार आता कामाच्या दिवसांत सगळ्यात रिकामा.

मग अडतं कोण? फेरी जाताना आडव्या गल्लीच्या तोंडाशी दोघंतिघं सायकली आडव्या लावून उभे राहतात. बाटलीला बूच मारावं तसं, म्हणून त्याला 'कॉर्किंग'च म्हणतात. मिशन स्ट्रीटवर एकदा मी तशी उभी होते. समोर पहिली गाडी वेमोची, चालकाविना धावणारी टॅक्सी, टपावरचं यंत्र फिरतंय, आत माणूसच नाही. तिला कसली घाई, ती शांत उभी. तिच्यामागे चौदा नंबरची बस, खच्चून भरलेली. दाराच्या काचेशी एक बाई होती, सफाई कामगारांचा गणवेश घातलेली. तिने माझ्याकडे बघून मनगटावर बोट आपटलं, दोनदा. घरून काम करता न येणारी माणसंच आता त्या वेळी रस्त्यावर असतात, आणि आपण त्यांनाच अडवतो. त्या दिवसानंतर मी बूच मारायला उभी राहिलेली नाही.

आता दुसरी बाजू. एप्रिल 2020 मध्ये शहराने गोल्डन गेट पार्कमधला जेएफके ड्राइव्ह गाड्यांसाठी बंद केला. माणसांना मोकळ्या हवेत अंतर ठेवून फिरता यावं एवढाच हेतू. पण लोक तिथे पोरांना सायकल शिकवायला नेऊ लागले, आणि रस्ता पुन्हा उघडायची वेळ आली तेव्हा तो सोडायला तयार होईनात. नोव्हेंबर 2022 मध्ये 'प्रपोझिशन जे' हा प्रस्ताव शहराच्या मतदारांनी मंजूर केला आणि तो रस्ता कायमचा माणसांचा झाला. कुणालाही न अडवता. शेजारपाजारची माणसं रोज तिथे दिसत होती, तेवढं पुरलं.

हा मार्ग सोपा आहे असं मात्र समजू नका. समुद्रकाठच्या ग्रेट हायवेचा दोन मैलांचा तुकडा गाड्यांसाठी बंद करायचं नोव्हेंबर 2024 मध्ये 'प्रपोझिशन के'च्या मतदानाने ठरलं, मार्च 2025 मध्ये तो बंद झाला आणि एप्रिलमध्ये तिथे 'सनसेट ड्यून्स' पार्क उघडलं. शहरभरातून मतं मिळाली, पण त्या रस्त्यालगतच्या सनसेट भागाने विरोधात मत दिलं होतं. सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या मतदारांनी या प्रस्तावाच्या बाजूने असलेले आपले सुपरवायझर, म्हणजे नगरसेवक, जोएल एन्गार्डिओ यांना मतदान करून पदावरून काढलं. ज्यांच्या दारातला रस्ता, त्यांच्याशी आधी बोलायलाच हवं. आणि मिळालेलं टिकतंच असंही नाही. मार्केट स्ट्रीट 29 जानेवारी 2020 ला खासगी गाड्यांसाठी बंद झाला होता. 2025 च्या ऑगस्टमध्ये तिथे वेमो आणि काही भाड्याच्या गाड्यांना पुन्हा वाट मिळाली.

पूल अडवण्याबद्दलही विचारणारे असतात. नोव्हेंबर 2023 मध्ये गाझातल्या युद्धबंदीसाठी आंदोलकांनी बे ब्रिज सकाळी काही तास रोखला. ऑफिसं रिकामी असोत वा भरलेली, पुलाला पर्याय नसतो, त्यामुळे ते जगभर दिसलं. पण तिथे ऐंशीच्या आसपास लोकांना अटक झाली. तुम्ही एच-वन-बीवर असाल तर अटक म्हणजे फक्त एक रात्र नाही, पुढचा व्हिसा आणि घरच्यांचं इथलं राहणं पणाला लागतं. रस्त्यावरच्या सायकलच्या राखीव पट्ट्यासाठी तो धोका पत्करू नका, हे मी ठासून सांगते. शुक्रवारी फेरीत साधं चालवत राहिलात तर धोका पुष्कळ कमी, तरी अगदी शून्य नाही.

मतदानाचा हक्क नसलेल्यांना एक वाट मोकळी आहे, आणि आपले बहुतेक लोक ती वापरत नाहीत. शहराच्या वाहतूक खात्याचं, एसएफएमटीएचं, संचालक मंडळ साधारणपणे महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी दुपारी सिटी हॉलमध्ये बसतं. तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही, व्हिसा कुणी विचारत नाही. ताटकळावं मात्र लागतं, कधी दोन-दोन तास. समोर गर्दी नसते, टाळ्या नसतात. पण पट्टा कुठून जाणार, पार्किंगच्या किती जागा उठणार, हे तिथेच ठरतं.

शुक्रवारची फेरी मी अजून सोडलेली नाही. पहिल्यांदा शहरात सायकल काढताना भीती वाटते. चारशे घंट्यांच्या आवाजात ती जाते. माझे इथले निम्मे मित्र तिथे भेटले. म्हणून नव्या माणसाने एकदा जरूर यावं, पण आपल्याच भागातून येणारं कुणी सापडतंय का, ते बघायला. सापडलं की फोन नंबर घ्या आणि बैठकीच्या पुढच्या मंगळवारी दोघं मिळून सिटी हॉलच्या खोली क्रमांक 400 मध्ये जा. नाव पुकारल्यावर साधारण दोनच मिनिटं मिळतात. पहिल्याच वाक्यात आपला चौक कुठला ते सांगा.