सेमिनरीत दोन वर्षांची असोसिएट की थेट चार वर्षांची बॅचलर?

अमेरिकेतल्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, थिऑलॉजी (ख्रिस्ती धर्मशास्त्र) शिकायचं पक्कं झालंय पण असोसिएट घ्यावी की बॅचलर इथे गाडी अडलीये, तर ब्रोशर चाळण्याआधी आपल्या चर्चला विचारा, कारण पाळक व्हायला काय लागतं हे शेवटी तुमचा पंथच ठरवतो. बॅप्टिस्टांमध्ये पाळकपदाची दीक्षा स्थानिक मंडळी देते, डिग्रीची सक्ती वरून कुणी करत नाही, त्यामुळे तिथे असोसिएटवर बरंच भागतं. युनायटेड मेथडिस्टमध्ये लोकल पास्टरसाठी, म्हणजे दीक्षा न घेता परवान्यावर काम करणाऱ्या पाळकासाठी, 'कोर्स ऑफ स्टडी' हा वेगळाच रस्ता आहे. पण पीसीयूएसए, म्हणजे प्रेस्बिटेरियन, तिथे मास्टर्स पाहिजे, ग्रीक-हिब्रू पाहिजे, वर परीक्षा पण, म्हणजे असोसिएट ही नुसती पहिली पायरी झाली. आर्मीत चॅप्लेन, म्हणजे सैन्यातला धर्मगुरू, व्हायचं असेल तरी बॅचलर आणि त्यावर मास्टर्स लागतंच.

क्रेडिटचा हिशेब सोपा आहे. असोसिएट साधारण 60, बॅचलर 120.

अभ्यासाचं म्हणाल तर पहिल्या दोन वर्षांत फार फरक नसतो, जुना करार नवा करार सर्व्हे म्हणजे धावती ओळख, होमिलेटिक्स म्हणजे उपदेश तयार करणं, थोडा चर्चचा इतिहास, आणि इंग्लिश वगैरे जनरल विषय. खरा फरक पुढे पडतो. मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवटच घ्या ना, 16व्या अध्यायातल्या 9 ते 20 ओवी सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत नाहीतच, आठव्या ओवीत बायका घाबरून कबरेपासून पळतात आणि संपलं. असोसिएटवाल्याला हे सर्व्हेच्या लेक्चरमध्ये कळतं आणि लेक्चर पुढे सरकतं. ज्याने नंतर दोन वर्षं ग्रीक घेतलंय तो ग्रीक नव्या कराराच्या तळटीपा उघडून कुठल्या प्रतीत काय आहे ते स्वतः बघतो आणि मग रविवारी या भागावर बोलायचं की नाही ते ठरवतो. दर आठवड्याला उपदेश करायचा असेल तर मला हा फरक मोठा वाटतो. संडे स्कूल किंवा युवकांचं काम करायचं असेल तर एवढ्यासाठी चार वर्षं घालवायची गरज नाही, उगाच कशाला.

आता सगळ्यात जास्त फसतात ती गोष्ट, अॅक्रेडिटेशन, म्हणजे कॉलेजला असलेली अधिकृत मान्यता. सेमिनरीच्या वेबसाइटवर एटीएसचं (असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स) नाव दिसलं की लोक निश्चिंत होतात, पण एटीएस मान्यता देते पदव्युत्तर कोर्सना. असोसिएटसाठी एबीएचई, ट्रॅक्स किंवा एसएसीएससीओसीसारखी मान्यता देणारी संस्था बघायची. न्यू ऑर्लिन्स बॅप्टिस्ट सेमिनरीत लेव्हेल कॉलेज आहे, अंडरग्रॅज्युएट कोर्स तिथे चालतात, तसा प्रकार बऱ्याच ठिकाणी असतो. मान्यता नसली तर पेल ग्रँट, म्हणजे अमेरिकन सरकारची शिक्षणासाठीची मदत, विसरा, आणि दुसरं कॉलेज ते क्रेडिट घेईलच असंही नाही.

माझं मत विचाराल तर नोकरी-संसार सांभाळून मंडळीत आधीच काम करणाऱ्याने बिनधास्त असोसिएट घ्यावी, बॅचलर मध्येच सुटली तर हातात काहीच राहत नाही, इथे दोन वर्षांनी निदान एक डिग्री तरी असते. बारावीनंतर लगेच जाणाऱ्याने, आणि मास्टर्सचा जरा जरी विचार असेल त्याने, बॅचलरच. पैशामुळे तरीही असोसिएटपासूनच सुरुवात करायची असेल तर त्याच कॉलेजच्या बॅचलरमध्ये 60 पैकी किती क्रेडिट धरणार हे फी भरायच्या आधी रजिस्ट्रारकडून ईमेलवर लिहून घ्या, फोनवरचं 'हो हो होईल' धरू नका.