कण्हेरच्या काठावर दोन दिवस: डोंगरी सायकलिंगच्या शिबिराबद्दल

साताऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. सकाळी साडेआठला शटर वर, रात्री दहाला खाली. गेली सहा वर्षं दुकान उघडण्याआधी रोज पहाटे सायकल चालवतो. बहुतेक वेळा यवतेश्वरचा घाट, रविवारी कासपर्यंत. तब्येतीला त्याचा खूप उपयोग झाला, साखर आटोक्यात आली. पण एक गोष्ट मला हळूहळू कळत गेली. डांबरी रस्त्यावर पाय चालतात आणि डोकं दुकानातच बसलेलं असतं. कुठल्या डिस्ट्रिब्युटरचं किती देणं आहे, इन्सुलिनचा साठा किती उरलाय, एक्स्पायरीचा माल कधी परत पाठवायचा, घाटभर मी हेच मोजत असतो. त्यात दोन वर्षांपासून दुकानाच्या जागेचा वाद कोर्टात चालू आहे. वर पोचतो, चहा घेतो, आणि मधला रस्ता कसा गेला ते आठवत नाही.

जानेवारीत मेढा रस्त्याला, कण्हेर धरणाच्या फुगवट्याच्या बाजूला, दोन दिवसांचं डोंगरी सायकलिंगचं शिबिर केलं, त्याबद्दल लिहितोय. फी ४,८०० रुपये. त्यात सायकल, हेल्मेट, एक मुक्काम आणि जेवणखाण. शिबिर घेणाऱ्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. त्या मी त्यांना समोरासमोर सांगितल्या आहेत.

सायकली साध्या होत्या. पुढे सस्पेन्शन, मागे नाही, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, जाड खाचांचे टायर. शिकायला एवढं पुरतं. पहिलं काम शिकवणाऱ्या सरांनी केलं ते टायरमधली हवा कमी करण्याचं. मी रस्त्याच्या सवयीने टायर दगडासारखा टणक करून ठेवला होता. माझं वजन ७२ किलो. त्यांनी हवेचा दाब पुढे २८ आणि मागे ३० पीएसआय ठेवला, अंगठ्याने दाबून दाखवलं आणि म्हणाले, "टायरला जमीन धरू द्या." टणक टायर खडीवर उड्या मारतो, मऊ टायर खडीवर बसतो. हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

पहिले अडीच तास कापणी झालेल्या भातखाचरात गेले. चढ नाही, उतार नाही. उतारावर उभं कसं राहायचं ते सपाटीवर घोटून घेतलं. सीट खाली. दोन्ही पेडल एका पातळीत. वजन हातांवर नाही, पायांवर. टाचा किंचित खाली, कोपरं बाहेर, कंबर मागे. ब्रेकवर फक्त एक बोट, तर्जनी, बाकीची बोटं हँडल धरायला. वळणाच्या किंवा दगडाच्या आधी वेग कमी करायचा आणि दगडावर असताना ब्रेक सोडायचा, कारण पुढचं चाक तिथे अडलं की माणूस हँडलवरून पुढे जातो. सहा वर्षं सायकल चालवूनही यातलं निम्मंसुद्धा मला माहीत नव्हतं. तरुण मुलं कंटाळली, दोघांनी तसं बोलूनही दाखवलं. पण माझ्या मते शिबिरातले सगळ्यात मोलाचे तास हेच होते.

चहाच्या वेळी सरांनी या खेळाचा जन्म कसा झाला ते सांगितलं. कॅलिफोर्नियात मरिन काउंटी म्हणून भाग आहे. तिथे काही पोरं जुन्या, जड सायकली घेऊन डोंगराच्या कच्च्या रस्त्याने खाली सुटायची. १९७६ साली त्यांनी तिथे शर्यत भरवली. उतार दोनेक मैलांचा, आणि तेवढ्यात साधारण तेराशे फूट खाली. त्या सायकलींना हाताचे ब्रेक नव्हते, पेडल उलटं फिरवलं की मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या हबमध्ये ब्रेक लागायचा. एका उतारात तो हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरायला लागायचं. त्यावरूनच त्या वाटेला 'रिपॅक' नाव पडलं. वीस वर्षांनी, १९९६ ला, हाच खेळ अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये आला. हे ऐकून पुन्हा सायकलवर बसलो तेव्हा ब्रेकवरच्या त्या एका बोटाकडे मी वेगळ्या आदराने पाहिलं.

चारच्या सुमारास उताराच्या पायवाटेवर नेलं. वाट जेमतेम दोन हात रुंद. डावीकडे करवंदीच्या जाळ्या, उजवीकडे घसरता मुरूम. मध्यावर पायरीसारखा एक काळा दगड आणि त्याला लागून वीतभर मातीची पट्टी. जायचं त्या पट्टीवरून. पहिल्या फेरीत माझी नजर दगडावर खिळली आणि पुढचं चाक नेमकं त्याच्यावरच जाऊन आदळलं. दुसऱ्या फेरीतही तेच, शिवाय उजव्या अंगावर पडलो आणि मागे गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकला. सरांनी तो तिथेच सरळ करून दिला, रागावले नाहीत. तिसऱ्या वेळी दगडापाशी उभा असलेला गावातला मदतनीस पोरगा म्हणाला, "काका, दगडाकडं बघू नगा. दगडाकडं बघितलं की सायकल दगडाकडंच जाती. त्यो खाली पळस दिसतोय न्हवं? त्येच्याकडं बघा."

मी पळसाकडे बघितलं. ब्रेक सोडला. पट्टीवर चाक कधी आलं ते दिसलं नाही, फक्त हातांना कळलं. पुढचा फोर्क दबला आणि वर आला, मागच्या टायरखाली मुरूम खरखरला, सायकल थोडी तिरपी होऊन आपसूक सरळ झाली. मग दुसरं वळण, मग उघडी पडलेली मुळं, मग पळस. तिथे थांबलो. वाळलेल्या गवताचा वास येत होता. कुठेतरी खाली गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती. बाटलीतलं पाणी पिताना मला आठवलं की बुधवारी कोर्टाची तारीख आहे. आठवलं, म्हणजे मधल्या वेळात ती डोक्यात नव्हती. दोन वर्षांत जागेपणी असं पहिल्यांदा झालं. उतार सगळा मिळून दोनशे मीटरचा असेल.

मी त्याच जागी परत चढून गेलो आणि अंधार पडेपर्यंत आणखी पाच वेळा उतरलो. प्रत्येक वेळी तसंच झालं. या वाटेवर दर दोन हातांवर काहीतरी ठरवावं लागतं, हा दगड डावीकडून की उजवीकडून, आता ब्रेक की पुढे. ते ठरवण्यातच डोकं गुंतून जातं. डांबरी रस्ता तसं काही विचारत नाही, म्हणून तिथे डोकं दुकानात पळतं. ध्यानाच्या वर्गाला मी जाऊन आलोय, तिथे मन आवरायला सांगतात आणि मला ते जमत नाही. इथे आवरायचं काम वाट करते.

दुसरा धडा पंक्चरचा. मेढ्याकडे बांधांवर बाभळी आहेत आणि भाड्याच्या सायकलींना साध्या ट्यूब. दोन दिवसांत आमच्या गटात पाच पंक्चर झाले, त्यातले दोन माझे. आपल्याकडच्या मातीत टायरमध्ये सीलंट, म्हणजे बारीक भोकं आतून बुजवणारा द्रव, भरणं हे शिबिर घेणाऱ्यांचं कामच आहे, तसं मी सांगितलं. पण सरांनी पंक्चर मलाच काढायला लावला हे चांगलं केलं. पहिल्या वेळी घाई केली. ट्यूबमधलं भोक सापडलं, टायरमधला काटा सापडला, ठिगळ लावलं, निघालो. दहा मिनिटांत चाक पुन्हा बसलं. दुसऱ्या वेळी सर शेजारी उकिडवे बसले. हवा भरलेली ट्यूब गालाजवळ हळूहळू फिरवायला लावली. बारीक फुंकर लागते, डोळ्यांना दिसत नाही ते गालाला कळतं. मग टायरच्या आतून बोटाचं टोक फिरवायचं, एक पूर्ण फेरा, कुठेही न थांबता. पाऊण फेऱ्यावर केसाएवढं टोक बोटाला लागलं. बाहेरून त्याचा मागमूस नव्हता. पकडीने ओढला तर पाव इंचाचा काटा निघाला. मग जागा घासायची, सोल्युशन लावायचं आणि ते सुकेपर्यंत थांबायचं. ओल्यावर ठिगळ टिकत नाही. त्या तीन-चार मिनिटांत सर एक शब्द बोलले नाहीत, आणि मला खिशातला फोन काढावासा वाटला नाही.

आता माझी खरी तक्रार. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगात उतरलेलं सगळं ताजं असताना, ड्रोन आणला. जाहिरातीसाठी शूटिंग. एकेकाला तोच उतार तीन-तीन वेळा उतरायला लावला. एकदा वर बघून हसायला सांगितलं. उतारावर वर बघा? आदल्या दिवशी नजर कुठे ठेवायची ते शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी तीच नजर आकाशात न्यायला सांगितली. माझ्या पुढची मुलगी त्यातच घसरली, कोपर सोलवटलं. दीड तास गेला आणि त्या दीड तासात प्रत्येक जण आपण कसे दिसतोय याचाच विचार करत होता. मी सरांना बाजूला घेऊन बोललो. त्यांनी मान्य केलं आणि दुपारी ड्रोन उडवला नाही. पण तो मुळात आणायलाच नको होता. ज्याच्यासाठी लोक इथे येतात तेच तो हिरावून घेतो.

बाकी उणिवा लहान. सोळा जणांना दोनच शिकवणारे होते, दहाच्या वर माणसं घेऊ नयेत. हेल्मेटचे मोठे साइज कमी पडले, आणि एकाला तर ओल्या पॅडिंगचं मिळालं. पहिल्या दिवशी सुरुवात तासभर उशिरा झाली. मुक्काम एका घराच्या पडवीत, पहाटेची थंडी कडक, पांघरुणं पुरेशी होती.

जेवण मात्र उत्तम. घेवड्याची आमटी, नाचणीची भाकरी, इंद्रायणीचा भात, लसणाची चटणी. ज्यांच्या घरी जेवलो त्या मावशींनी "सायकलवर बसून भूक लागती व्हय?" असं म्हणत मला चौथी भाकरी वाढली.

रात्री शेकोटीपाशी एकाने विचारलं की पुढचं शिबिर कासच्या सड्यावर का घेत नाही, जागा किती सुंदर आहे. सरांनी साफ नाही म्हणून सांगितलं. सडा म्हणजे जांभ्या दगडावर काही इंचांची माती. तिथली फुलं, कीटक खाणाऱ्या वनस्पती, सगळं तेवढ्याच मातीवर उभं आहे. ओल्या सड्यावरून चाक गेलं की चर पडते, पाणी त्या चरीतून वाहतं आणि माती घेऊन जातं. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशाच्या यादीत आल्या त्यात कास आहे. सायकलीला जुन्या बैलगाडीच्या वाटा आणि गुरांच्या पायवाटा भरपूर आहेत, असं ते म्हणाले. या एका उत्तरासाठी मी त्यांना पूर्ण गुण देतो.

जायचं कुणी? ज्यांना सायकल चालवता येते आणि तासभर हळू चढ चढता येतो त्यांनी. वयाची अडचण नाही, आमच्यात साठीच्या एक बाई होत्या आणि खाचरातला सराव त्यांनी सगळ्यांत मन लावून केला. गुडघ्याचं किंवा मणक्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे मी औषधवाला म्हणून सांगतो. नाव नोंदवताना ड्रोन आहे का आणि टायरमध्ये सीलंट आहे का, हे दोन प्रश्न जरूर विचारा. जमलं तर फेब्रुवारीच्या आत जा, नंतर ऊन सोसत नाही.

बरोबर लांब बाह्यांचा शर्ट, स्वतःचे हातमोजे आणि घोट्याच्या बरेच वर येणारे मोजे न्या. मी आखूड मोजे नेले होते. त्यांच्यात रुतलेली कुसळं मंगळवारपर्यंत दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरमागे बसून एकेक करून काढत होतो.