पहिल्याच फेरीत चोणकीसाठी अडून बसावं का? गोव्याच्या जुवारी नदीतल्या अर्ध्या दिवसाच्या गरी-फेरीबद्दल

सकाळी सहा ते दहा. फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन, एक तांडेल (होडी चालवणारा), तीन-चार रॉड आणि थर्माकोलच्या डब्यात गोठवलेली सुंगटं (कोळंबी). कुठ्ठाळीच्या पुलाखालून दोनापावलाच्या बाजूला, नाहीतर मांडवीत रायबंदर-दिवाडीच्या आसपास, अशा फेऱ्या आता बऱ्याच जणांकडे मिळतात. इथे कुणाचं नाव घेत नाही, कारण होड्या आणि सामान साधारण एकाच साच्यातले असतात. फरक पडतो तो तांडेलामुळे.

बुकिंग करणाऱ्या दहांपैकी आठ जणांची मागणी एकच असते: चोणक (बारामुंडी) हवी. फोटोत तीच असते, ताटातही तीच शोभते, आणि गरीला लागली की पाण्याबाहेर उडी मारते. त्यावर तांडेलाचं उत्तर ठरलेलं: "चोणक आसा, पूण सांगूंक जायना." ते खरंच आहे. प्रश्न असा की पैसे भरून पहिल्यांदा होडीत बसणाऱ्याने चोणकीसाठीच अडून बसावं, की येईल तो मासा घ्यावा?

पहिल्या फेरीत गरी टाकताना नखरे करू नका. मासा ठेवून घेताना मात्र हवे तेवढे करा. नवख्याला चार तासांत चोणकीचा एखादाच चावा मिळतो, आणि पुष्कळदा तोही नाही. तो एक चावा हाताला ओळखता आला नाही, तर चार तास कोरडे. चावा ओळखायला हात शिकतो तो मुडदुशी, पालू आणि शिंगाळ्यावर. दोरीत टकटक झाली की थांबायचं, ओढ लागली की रील फिरवायचं, ही सवय आधी दहा-बारा बारीक माशांवर लागली तर चोणकीच्या वेळी हात गडबडत नाही. सहा वाजल्यापासून फक्त ल्युर (नकली मासा) फेकत बसलेल्याला साडेनऊला चावा लागतो तेव्हा खांदा दुखत असतो आणि लक्ष वास्कोच्या जहाजांकडे असतं.

फक्त खायलाच चोणक हवी असेल तर पणजीच्या मार्केटात जावं. स्वस्त पडेल.

आता या सेवेतला सगळ्यात मोठा दोष. सहा ते दहा ही वेळ माणसांच्या सोयीची आहे, पाण्याच्या नाही. चोणक स्वतः फिरत बसत नाही. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाजनातलं (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतलं) आणि खारफुटीतलं पाणी बाहेर पडताना बारीक सुंगटं आणि शेवटे मासे त्याच्याबरोबर वाहत येतात, आणि चोणक खडकाच्या किंवा पुलाच्या खांबाच्या आडोशाला उभी राहून त्यांची वाट बघते. म्हणून सुकतीचा शेवटचा तास आणि पाणी फिरल्यावरचा पहिला तास सोन्याचे. भरतीत तीच चोणक पाण्याबरोबर खारफुटीच्या मुळांत शिरते. तिथे होडी जात नाही, आणि ल्युर गेला तर परत येत नाही.

मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर दिसतं, पण किनाऱ्यावरचा जुना हिशोबही चालतो. तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण होण्याची अंदाजे वेळ येते. तिथून सव्वासहा तासांनी सुकती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे तीनला भरती आणि सव्वानऊच्या सुमाराला पाणी फिरणार. सहा ते दहाची फेरी या दिवशी बरोबर बसते. तृतीया आणि पंचमीलाही चालते. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाचलाच सुकती होऊन गेली आणि तुमचे चारही तास चढत्या पाण्यात. त्यात उधाणामुळे पाणी गढूळ. सुट्टी बघून नेमक्या पौर्णिमेच्या रविवारी बुकिंग करणारे हमखास रिकामे परततात आणि दोष तांडेलाला देतात. अष्टमी-नवमीला भांगाचं (कमी चढ-उताराचं) पाणी, स्वच्छ पण सुस्त. त्या दिवशी आमिषावर भर द्यावा. नदीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा फिरतं, तेवढी मिनिटं वाढवून धरा.

चांगला तांडेल स्वतःहून विचारतो की आठला निघून बारापर्यंत चालेल का. जो विचारत नाही त्याला तुम्ही विचारा.

सामानाबद्दल. मिळतो तो सात फुटी मध्यम ताकदीचा रॉड आणि ४००० साइजचं स्पिनिंग रील. हे ठीक आहे, याहून जड काही लागत नाही. दोरी २० ते ३० पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली. गोंधळ होतो तो पुढच्या मीटरभरात. चोणकीचं तोंड आतून सँडपेपरसारखं खरखरीत, आणि कल्ल्याच्या झाकणाची धार ब्लेडसारखी. ब्रेड थेट ल्युरला बांधलेली असेल तर दुसऱ्या उडीतच कापली जाते. पुढे ४० ते ५० पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर (ल्युरच्या आधीचा जाड दोरीचा तुकडा) निदान एक मीटर हवा. तो आहे का ते बघायचं आणि नुसतं बघून सोडायचं नाही, बोटांतून ओढून बघायचा. कुठे खरखर लागली तर तेवढा तुकडा कापून नवी गाठ मारायला सांगा. पुलाच्या खांबांवर आणि बांधाच्या जांभ्या दगडांवर कालवं चिकटलेली असतात. आदल्या दिवशीच्या गिऱ्हाईकाने तिथे दोरी घासलेली असते आणि आज तुटते ती तुमची.

दुसरी गोष्ट ड्रॅग, म्हणजे जोराची ओढ लागली की दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक. भाड्याच्या रीलचा ड्रॅग एक तर पूर्ण आवळलेला असतो किंवा पूर्ण ढिला. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाला तो सुटायला हवा, म्हणजे ३० पौंडी दोरीला साधारण साडेतीन किलो. विमानाच्या बॅगा तोलायचा हूकवाला काटा खिशात ठेवा, दोरी त्याला अडकवून ओढा, दोन मिनिटांत कळतं. तांबोशी (खडकात राहणारा लाल मासा) लागली तर हाच हिशोब पहिल्या तीन सेकंदांत कामाला येतो. ती चावा घेतल्याबरोबर वळून सरळ खडकात घुसते. त्या क्षणी दोरी सोडलीत तर मासाही गेला आणि लीडरही.

ल्युर दिले जातात ते १० ते १२ सेंटिमीटरचे, मीटर-दोन मीटर खोल जाणारे. आकार बरोबर, पण त्यांचे तिकाटी गळ बहुधा गंजलेले. मोठ्या चोणकीने जबडा मिटला की असा गळ सरळ होतो. स्वतःचं काही न्यायचंच असेल तर चार इंची मऊ शेपटीचे रबरी मासे आणि ७ ते १० ग्रॅमचे जिगहेड (शिशाचं डोकं असलेले गळ) न्या. पाच-सहा पुरे. फेकायचा, तळाला टेकू द्यायचा, दोन वळसे रील, थांबायचं. चावा थांबलेल्या वेळी येतो. नवखे इथेच चुकतात, कारण थांबणं म्हणजे काहीच न करणं असं त्यांना वाटतं.

गोठवलेली सुंगटं मुडदुशी-पालूला चालतात, चोणकीला जिवंतच लागतात. होडीवर हवेचा पंप लावलेली बादली आहे का ते आधी विचारा. नसेल तर जिवंत सुंगटं अर्ध्या तासात मरतात. सुंगट गळाला लावताना डोक्यावरच्या काट्याखालून टोचायचं आणि आत दिसणारा काळपट ठिपका चुकवायचा. तो तुटला की सुंगट मेलं. सर्कल गळ (टोक आत वळलेला) असेल तर चावा आल्यावर हिसका देऊ नका, नुसतं रील फिरवत जा, तो स्वतःहून जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. हिसका दिला की तोंडातून सरळ बाहेर. मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेले लोक हमखास हिसका देतात.

चतुर्थीची फेरी धरली तर चार तासांची वाटणी अशी करावी. उजाडताना पहिली वीस मिनिटं खडकांच्या कडेने ल्युर. मग आठपर्यंत नदीच्या मुखाकडे रेताड तळावर बारीक गळ, वीस ग्रॅमचं शिसं आणि सोललेल्या सुंगटाचा नखाएवढा तुकडा. मुडदुशी इथेच. सव्वाआठला सगळं आवरून पुन्हा खांब आणि खडक. या वेळेपर्यंत हात तयार झालेला असतो. आता मात्र अडून बसा, फक्त चोणक किंवा तांबोशी. चोणक उडी मारते तेव्हा रॉडचं टोक खाली पाण्याकडे न्या आणि दोरी ताठ ठेवा. ढिली दोरी मिळाली की ती डोकं झटकून ल्युर फेकून देते.

आता ठेवायचं काय. या बाबतीत बहुतेक होड्यांचं धोरणच नसतं, जे आलं ते डब्यात. चोणक जन्माला येते नर म्हणून आणि काही वर्षांनी, साधारण ८० सेंटिमीटरच्या पुढे वाढली की मादी होते. म्हणजे फोटोसाठी धरलेली ती सात-आठ किलोंची मोठी चोणक जवळजवळ नेहमी मादीच असते, आणि पावसाळ्यात नदीच्या मुखाशी अंडी घालणारी तीच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ५८ सेंटिमीटरच्या खालची आणि १२० च्या वरची चोणक ठेवता येत नाही. आपल्या लहान नद्यांना याहून कडक माप बरं: ५८ ते ८० मधली एक, बाकी सगळ्या पाण्यात. ६० सेंटिमीटरची चोणक अडीच-पावणेतीन किलोंची भरते. घरच्या चार जणांना रवा लावून तळायला आणि वर हुमणाला (आमटीला) डोकं, एवढं पुरतं.

तांबोशीचं गणित वेगळं. खाडीत मिळणाऱ्या तांबोश्या बहुतेक सगळ्या कोवळ्या. पूर्ण वाढ झाली की त्या समुद्रातल्या खडकांकडे जातात आणि अंडी तिथे घालतात. वाढही संथ, आयुष्य कित्येक दशकांचं. वीतभर तांबोशी लाल दिसते म्हणून डब्यात टाकणं हा निव्वळ हावरटपणा. गोबऱ्याचं चोणकीच्या उलटं, तो आधी मादी असतो आणि नंतर नर, आणि खाडीतला तोही लहानच. शिंगाळ्याच्या नराच्या तोंडात अंडी दिसली तर गळ कापून लगेच सोडा. अंडी तोंडात सांभाळणारा तोच. शिंगाळ्याला हात लावण्याआधी पक्कड घ्या. त्याच्या काट्याची जखम ठणकते. झालीच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायची आणि सूज उतरली नाही तर डॉक्टर गाठायचा. पालू आणि मुडदुशी वीतभरापेक्षा मोठ्या असतील तर खुशाल ठेवा.

सोडायचा मासा जगायचा असेल तर होडीवर जाळी हवी, आणि तीही गाठी नसलेली, रबरी. बहुतेक होड्यांत मासा टोचून वर घ्यायचा आकडा असतो. तो वापरू नका असं चढतानाच सांगा, मासा वर आल्यावर ऐकायला कुणी थांबत नाही. गळांची काटेरी टोकं पकडीने दाबून ठेवा, म्हणजे सोडवताना जबडा फाटत नाही. हात ओले करा. मोठी चोणक ओठाला धरून उभी लटकवायची नाही, एक हात पोटाखाली. फोटोला अर्धं मिनिट पुरे. मग डोकं प्रवाहाकडे करून पाण्यात धरा, ती स्वतः शेपूट मारून निघेल.

एकूण होडी आणि तांडेल यांना चार तारे, सामानाला दोन, वेळापत्रकाला एक.

काही गोष्टी तांडेल सांगेलच, पण माहीत असलेल्या बऱ्या. खाजनाच्या मानशीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) तोंडावर चोणक उभी असते हे खरं, पण मानशीवरच्या मासेमारीचा हक्क पावणीत (लिलावात) जातो आणि ज्याने तो घेतलाय त्याने पैसे मोजलेले असतात. दुरून फेका किंवा विचारून फेका. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे मासा सोडताना हात पाण्यात घालून बसू नका. चोडणच्या पक्षी अभयारण्याच्या हद्दीत गरी नाही. बार्जच्या वाटेत नांगर नाही. लाइफ जॅकेट सीटखाली ठेवलेलं नको, अंगात हवं, आणि मुलांच्या मापाचं वेगळं मागून घ्या. बर्फ माशाच्या वजनाएवढा लागतो, होडीवर असतो त्याच्या दुप्पट. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नदीही लाल असते, तेव्हा या फेऱ्यांच्या जाहिरातींकडे बघू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर, नाहीतर मार्च ते मे.

भाडं होडीचं की माणशी, आणि धरलेले मासे कुणाचे, हे दोन्ही फोनवरच ठरवा. काही ठिकाणी मोठा मासा होडीवाल्याचा मानतात. आणि बुकिंग करताना तारखेबरोबर तिथीही सांगा. "चवथीक उदक कितल्याक परततलें?" (चतुर्थीला पाणी किती वाजता फिरणार?) असं विचारल्यावर तांडेल पंचांग न बघता उत्तर देत असेल, तर होडी घ्यायला हरकत नाही.